इंदिरा नगरातले नॉर्मन

लखनौला बदली झाली तेव्हा मी इंदिरा नगरात खोली शोधत फिरत होते. एकट्या बाईला खोली देताना घरमालक काय काय विचारतात, याची सगळी उत्तरं मी तयार ठेवली होती. लग्न झालंय का, नवरा कुठे असतो, नॉनव्हेज करणार का, पाहुणे किती येतात, संध्याकाळी परत यायची वेळ काय. या घरमालकांनी यातलं एकही विचारलं नाही. मला सोफ्यावर बसवलं, स्वतः समोरच्या खुर्चीत ताठ बसले आणि म्हणाले, "नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं. दरबारात फ्रेंच सुरू झाली, कचेरीत फ्रेंच, न्यायालयात फ्रेंच. मग पुढची तीनेकशे वर्षं इंग्रजी कुणी जिवंत ठेवली?"

मी बँकेतली बाई. मला एवढंच माहीत होतं की नॉर्मन नावाचा कुणी आमचा खातेदार नाही. चाचरत म्हटलं, "राजानं?"

"राजा फ्रेंच बोलत होता."

"मग लेखकांनी?"

"तेही फ्रेंचमध्येच लिहायला लागले."

आतून एका बाईंचा आवाज आला. "स्वयंपाकघरानं, असं म्हण गं पोरी, आणि खोली पाहून घे. चहा टाकला आहे मी."

मी म्हटलं, "स्वयंपाकघरानं." त्यांनी मान डोलावली. उत्तर फुटलेलं होतं हे त्यांना दिसत होतं, पण उत्तर बरोबर असलं की ते कुठून आलं हे विचारायची त्यांना सवय नव्हती. मला वरची खोली मिळाली आणि खोलीबरोबर इंग्रजी भाषेचा संपूर्ण इतिहास मिळाला. तीन वर्षं मी दोन्हींत राहिले.

घरमालक, म्हणजे पुढे आमचे काका, मूळचे नागपूरचे. बौद्ध कुटुंब, वडील कापड गिरणीत. शिकून केंद्र सरकारच्या एका कचेरीत राजभाषा अधिकारी म्हणून लखनौला आले आणि निवृत्तीनंतर इथेच घर बांधून राहिले. म्हणजे माणूस मराठी, पगार हिंदी वाढवण्याचा आणि जीव अडकलेला इंग्रजीच्या जन्मकथेत. त्यांच्या कचेरीत हिंदीचा वापर वाढवा असं सांगणारं पत्रक वरून इंग्रजीत येई. ते यांनी हिंदीत करायचं. यांची हिंदी इतकी निर्मळ की ते पत्रक कुणालाच कळायचं नाही, म्हणून सोबत मूळ इंग्रजी प्रत जोडून पाठवत. अशी त्यांची सगळी नोकरी झाली. एका वर्षी हिंदी पखवाड्यात, म्हणजे कचेरीतल्या हिंदीच्या पंधरवड्यात, साहेबांनी त्यांना चार शब्द बोलायला सांगितलं, तर यांनी इंग्रजी कशी तळागाळातून वर आली यावर सबंध तासभर बोलून घेतलं, तेही हिंदीत. पुढच्या वर्षीपासून त्यांच्याकडे फक्त समोसे मागवण्याचं काम राहिलं.

सकाळी ते घराजवळच्या पार्कात तीन फेऱ्या मारत. पहिल्या फेरीत अँगल, सॅक्सन आणि ज्यूट होड्यांतून किनाऱ्यावर उतरत. हे तिघे त्यांच्या बोलण्यात नागपूरच्या चुलतभावांसारखे येत, कोण कुठे स्थायिक झाला आणि कुणाचं कुणाशी पटत नव्हतं अशा तपशिलांसह. दुसऱ्या फेरीत व्हायकिंग येऊन गावं जाळत आणि जाता जाता अंडं, आभाळ आणि खिडकी यांच्यासाठी आपले शब्द ठेवून जात. तिसऱ्या फेरीत नॉर्मन. शेजारच्या मिश्राजींना डॉक्टरनं तीन फेऱ्या सांगितल्या होत्या, पण व्हायकिंगांची गलबतं दिसायला लागली की ते गुडघा धरून बाकावर बसायचे. "भाई साहब, आप इनको निपटाकर आइए, मैं यहीं बैठा हूँ।" पुढे मिश्राजींची शुगर वाढली तेव्हा त्यांच्या बायकोनं त्याचा सगळा दोष आमच्या काकांना दिला.

फाटकावर त्यांनी एक पाटी लावली होती: इंग्लिश सीखिए, जड़ से। कॉलनीतल्या आईबापांना वाटलं, पाया पक्का करून घेतात. मुलं यायला लागली. कुणाला कॉल सेंटरमध्ये लागायचं होतं, कुणाला विमानतळावर. काकांनी शिकवायला सुरुवात केली ती पाचव्या शतकापासून. महिन्याभरानं एक वडील भेटायला आले. मी तेव्हा खाली पाण्याची मोटर लावायला आले होते. ते गृहस्थ अगदी लखनवी अदबीनं हात जोडून म्हणाले, "अंकल जी, गुस्ताख़ी माफ़, बच्चे का इंटरव्यू सोमवार को है, और ये लोग अभी तक जहाज़ से उतरे नहीं हैं।" काकांनी त्यांना बसवून सांगितलं की घाई करून चालणार नाही, त्या लोकांनाही समुद्र ओलांडायला वेळ लागलाच होता. पोरगा सोमवारी मुलाखतीला गेला. त्याला स्वतःबद्दल दोन शब्द सांगायला सांगितलं आणि त्यानं सॅक्सनांबद्दल सांगितलं. तो नापास झाला, पण त्या कंपनीतला एक मॅनेजर नंतर चौकशी करत इथवर आला आणि दोन महिने शिकवणीला बसला. कॉलनीत हा किस्सा काकांच्या बाजूनं आणि विरुद्ध असा दोन्ही प्रकारे सांगितला जातो.

कुठलाही विषय काढा, ते नॉर्मनांवर येऊन थांबत. एकदा आम्हाला चौकात कबाब खायला नेलं. मला, काकूंना आणि त्यांची नात मित्रा हिला. तव्यावर कबाब चुरचुरत होते आणि काका कबाबवाल्याला सांगत होते की मेंढी कुरणात चरत असते तोवर तिचं नाव शीप, कारण तिला राखणारा गरीब इंग्रज होता. तीच शिजून ताटात आली की मटन, कारण खाणारा फ्रेंच बोलणारा मालक. राबणाऱ्याचा शब्द गोठ्यात राहिला, खाणाऱ्याचा शब्द ताटात गेला. कबाबवाल्यानं सगळं ऐकून घेतलं आणि पराठा पुढे करत म्हणाला, "बाबूजी, हमारे यहाँ तो खिलानेवाले का नाम चलता है। खाइए, ठंडा हो रहा है।" काका महिनाभर हे वाक्य सगळ्यांना सांगत होते.

त्यांचा सगळ्यात मोठा जिव्हाळा मुक्या अक्षरांवर. नाइफ या शब्दातल्या पहिल्या अक्षराबद्दल ते फार हळवे होत. एके काळी लोक त्याचा उच्चार करत असत. आता कुणी करत नाही, पण त्याला हाकलूनही दिलेलं नाही, बिचारं नुसतं जागा धरून बसलंय. म्हणून दर रविवारी कांदा चिरताना ते मोठ्यानं "क्नाइफ" म्हणत. आठवड्यातून एकदा तरी त्याला बोलू द्यावं, असं त्यांचं म्हणणं. "आमच्या घरी चाकूचं रविवारचं नाव वेगळं असते," असं काकू नव्या पाहुण्यांना आधीच सांगून ठेवत.

आता इतका वेळ ज्या माणसाचं मी कौतुक केलं, त्याच्या घरात जेवायला बसणं ही काय शिक्षा होती ते सांगते.

इंग्रजी मोठी कशामुळे झाली? तर तिनं दार उघडं ठेवलं. व्हायकिंगांकडून घेतलं, फ्रेंचांकडून घेतलं, आपल्याकडून तर लूट हा शब्दसुद्धा नेला, मालाबरोबर. प्रत्यय झिजले, व्याकरण सैल झालं, कुणी काही मनाला लावून घेतलं नाही. हे सगळं काका दिवाणखान्यात डोळे मिटून, गहिवरून सांगत. आणि जेवणाच्या टेबलावर नियम असा की उंबऱ्याच्या आत शुद्ध मराठी. वाक्यात हिंदी किंवा इंग्रजी शब्द आला की काकांचं तर्जनीचं बोट वर जाई आणि ते म्हणत, "पुन्हा." मग ते वाक्य पहिल्यापासून म्हणायचं. इतिहास सांगताना त्यांना स्वतःला सूट होती.

"काका, आज ऑफिसमध्ये लेट झालं."

"पुन्हा."

"आज कचेरीत उशीर झाला. सर्व्हर डाउन होता."

"पुन्हा."

सर्व्हरला मराठीत काय म्हणतात हे सुचेपर्यंत माझी पोळी गार झालेली असे. काही दिवसांनी मी, काकूंची जेवायची हाक चुकवायला, जमेल तेव्हा मागच्या जिन्यानं जायला-यायला लागले.

मला मागचा जिना तरी होता. मित्राला तोही नव्हता. काकांचा मुलगा रेल्वेत इंजिनिअर, सतत बदल्या, म्हणून ही पोर लहानपणापासून आजी-आजोबांकडे लखनौत वाढलेली. मराठी सगळी कळायची, पण तोंड उघडलं की हिंदी यायची, नाहीतर दोन्हींची खिचडी. ती बारावी झाली आणि पुण्याच्या एका कॉलेजात तिला प्रवेश मिळाला. घरात पेढे वाटले गेले आणि त्याच दिवसापासून काकांचा नियम कडक झाला. आधी सणावारी किंवा पाहुण्यांसमोर सूट असे, ती बंद झाली.

"आजोबा, सब्जी दो ना."

"पुन्हा."

"आजोबा, भाजी... पास करा ना."

"पुन्हा."

"लेकिन आजोबा, टेबल चलता है आपको, बटाटा चलता है. बटाटा तो पोर्तुगाल से आया ना? और सब्जी तो बगलवाले मिश्रा अंकल के घर से आती है, ती नाही चालत?"

हा मुद्दा बिनतोड होता. मी पाण्याच्या ग्लासाआड हसू लपवलं. काका म्हणाले, "बटाट्याला येऊन शतकं झाली. पुन्हा."

त्या दिवशी तिनं भाजी घेतलीच नाही. नंतर हळूहळू तिची वाक्यं लहान झाली, मग नुसती मान हलायला लागली. मग ती टेबलावर बसून मोबाइलवरून समोरच्या आजीला मेसेज पाठवायला लागली. काकूंचा फोन वाजे, त्या चष्मा लावून वाचत आणि डाळीचं भांडं सरकवत. काकांना वाटलं, शिस्त लागली. मला समाधानानं म्हणाले, "बघा ताई, आता तिच्या तोंडी एकही अशुद्ध शब्द नसतो." खरंच नसे. शुद्धही नसे. ती त्यांच्याशी बोलायचीच थांबली होती, आणि पुण्याला जायला महिनाही उरला नव्हता. मला काकांचा मनापासून राग यायला लागला होता, पण भाडेकरूनं किती बोलायचं ते ठरलेलं असतं.

बोलल्या त्या काकू. रविवार होता, मी जेवायला खाली होते. काका रंगात येऊन नॉर्मनांची गोष्ट मित्राला सांगत होते. वर मालक फ्रेंच बोलतायत, खाली चुलीपाशी बायका आपल्या भाषेत हसतायत, रडतायत, पोरांना झोपवतायत. "आणि मालकांना वाटायचं," काका म्हणाले, "घर किती शांत आहे."

काकूंनी वाढता वाढता डाव भांड्यात ठेवला. "एक विचारू? चाळीस वर्षं ऐकून राहिली मी, आज एकच विचारते. या घरातले नॉर्मन कोण आहेत?"

"म्हणजे?"

"म्हणजे दरबार तुमचा, बोट तुमचं. पोरगी माझ्याजवळ स्वयंपाकघरात येऊन बोलते. तिला होस्टेलची भीती वाटते, माहीत आहे तुम्हाला? पुण्यात कोणी मैत्रीण नाही, जमलं नाही तर कसं परत यावं, हे सारं ती मला सांगते. अर्धं हिंदीत, अर्धं मराठीत, आणि रडायला लागली का कोणत्या भाषेत सांगते ते मलाही समजत नाही. तुम्हाला काहून सांगेल ती? तुम्ही म्हणाल, पुन्हा."

मित्रा ताटात बघत बसली होती. काकांनी बोट उचललं नाही. 'काहून'लासुद्धा नाही, आणि हा नागपुरी शब्द काकूंच्या तोंडून त्या टेबलावर मी पहिल्यांदाच ऐकत होते. ते हात धुवून गॅलरीत जाऊन उभे राहिले. काकूंनी मला डोळ्यांनी खुणावलं, म्हणून मी मागून गेले.

ते समोरच्या कडुनिंबाकडे बघत होते. मग म्हणाले, "ताई, पुण्यात तिला हसतील."

मी म्हटलं, "हसले तर हसले. आता कोण एवढं बघतं?"

"बघतात," ते म्हणाले. मग त्यांनी नागपुरातला आपला कॉलेजचा पहिला दिवस सांगितला. उन्हाचे चालत गेले होते. वर्गाच्या कोपऱ्यात माठ होता. यांनी मास्तरांना विचारलं, पाणी घेऊ का. आपल्या वस्तीत जसं बोलत तसंच विचारलं. मास्तरांनी एक बोट वर केलं आणि म्हणाले, पुन्हा. यांना वाटलं, ऐकू गेलं नसेल. पुन्हा विचारलं. वर्ग हसायला लागला. मास्तर म्हणाले, पुन्हा. असं किती वेळ चाललं ते त्यांना आठवत नव्हतं. पाणी न पिता ते जागेवर येऊन बसले, एवढं आठवत होतं.

"वर्षभरात मी अशी मराठी शिकलो की त्या मास्तरांच्या चुका काढू शकलो असतो. काढल्या नाहीत. लखनौची नेमणूक आली तेव्हा लोक म्हणाले, इतक्या दूर? मी म्हटलं, बरं आहे. इथे पहिल्या दिवशी मी जसं जमेल तसं हिंदी बोललो. समोरचा म्हणाला, आप तशरीफ़ रखिए, पहले पानी पीजिए।"

नॉर्मनांच्या चुलीपाशी तो माणूस इतकी वर्षं का बसून होता ते मला तेव्हा कळलं. ज्या बोलीला सगळे हसले, तीच एक दिवस गादीवर बसली, ही गोष्ट त्यांना पुन्हा पुन्हा ऐकायची होती. त्या मास्तरांचा मला संताप आला. आणि त्या मास्तरांचं बोट इतकी वर्षं सांभाळून यांनी स्वतःच्या नातीवर उगारलं, याचाही आला. दोन्ही संताप एकाच वेळी आले आणि मी नुसती कठड्याला धरून उभी राहिले.

त्या दिवसानंतर "पुन्हा" बंद झालं. काका टेबलावर बोलणं ऐकताना दोन्ही हात मांडीखाली घालून बसत. काकू मुद्दाम त्यांच्यासमोर सब्जी, चम्मच, टेन्शन असं काय काय बोलत. मीही एकदा धीर करून सर्व्हर डाउन असल्याचं सांगून टाकलं आणि त्यांनी "अरेरे" म्हटलं. पण मित्रा काही बोलली नाही. एकदा मोडलेली सवय अशी सांगून परत येत नाही. काका तिला विचारत, "बॅग भरली का?" इंग्रजी शब्द वापरून, अगदी अवघडून. ती मान हलवी. त्या आठवड्यात त्यांनी पार्कात फेऱ्या मारल्या त्या मुकाट्यानं. मिश्राजी घाबरून तिन्ही फेऱ्या त्यांच्याबरोबर चालले.

जायचा दिवस आला. दुपारची गाडी. चारबागला मीही सामान घेऊन गेले. मित्राचे वडील पुढे झाशीला गाडीत चढणार होते, तोवर तिला एकटीला जायचं होतं. काकूंनी डब्यात शिरून तिच्या सीटवर पुऱ्यांचा डबा ठेवला, शेजारच्या बाईंशी ओळख काढली, तिच्या गालाला हात लावून खाली उतरल्या. काका फलाटावर पिशवी घेऊन उभे होते. एका हमालाला, रेल्वे प्रथम इंग्लंडात आली तेव्हा प्लॅटफॉर्म हा शब्द आधीच फ्रेंचांकडून आलेला तयार होता, असं सांगत होते. हमाल म्हणाला, "अच्छा?" आणि निघून गेला. मित्रा दारात उभी होती. सिग्नल झाला.

तेवढ्यात ती वाकून म्हणाली, "आजोबा, मेरी पानी की बोतल तुमच्या पिशवीत राहिली. द्या ना जल्दी, ट्रेन छूट जाएगी यार."

काकांचं बोट वर गेलं. मी पाहिलं, काकूंनी पाहिलं, दारात मित्रानं पाहिलं. तिचा चेहरा पडला. काकू म्हणाल्या, "अहो..."

"पुन्हा," काका म्हणाले. "पुन्हा बोल, बाळा. अगदी तसंच. काही बदलू नको."

मित्रा त्यांच्याकडे बघत राहिली. मग गाडीला धक्का बसला आणि ती दांडा धरून, रडत, हसत, सगळ्या फलाटाला ऐकू जाईल अशी ओरडली, "आजोबा, पानी! पानी की बोतल द्या ना यार, जल्दी!"

त्यांनी बाटली काढली आणि चार पावलं गाडीबरोबर धावून तिच्या हातात दिली. तिनं तिथेच झाकण उघडून दोन घोट घेतले, त्यांना दिसतील असे. गाडी पुढे गेली. काका तिथेच उभे होते, बोट अजून वर. मग त्याच्या शेजारची बाकीची बोटंही एकेक करून उघडली आणि हात हलायला लागला.